नव्या बाळाचा दिनक्रम: घड्याळ नको, क्रम लावा

बाळ दवाखान्यातून घरी आलं की दोन-चार दिवसात घरात एकच विषय चालू होतो, याला वळण कधी लागणार. दिवसभर असं झोपतं की पाहुणे येऊन, तोंड बघून, हातावर पैसे ठेवून गेले तरी डोळा उघडत नाही, आणि रात्री दीड-दोनला टकाटका बघत बसतं, मांडीवरून खाली ठेवलं की भोंगा सुरू. मग जो तो आपापला सल्ला देतो. आजी म्हणते पाचवी पुजू द्या, मामी म्हणते बारसं झालं की येईल लायनीवर, आणि मोबाईलवर कुणीतरी सांगत असतं की अमुक वाजता दूध, तमुक वाजता झोप, असा चार्ट करून फ्रिजवर लावा.

लावा हवा तर, पण पहिला सव्वा महिना तो चार्ट बाळासाठी नाही, घरातल्या मोठ्या माणसांसाठी लावा. एवढ्या लहान जिवाला घड्याळ लावताच येत नाही. त्याचं पोट छोटं, आईचं दूध पचतं पटकन, आणि रात्र झाली-दिवस झाला हे कळणारं शरीरातलं घड्याळ साधारण 6 ते 12 आठवड्यांच्या दरम्यान हळूहळू चालू होतं. नववा महिना आठवून बघा, दिवसभर तुम्ही कामात असायच्या तेव्हा पोटातलं गप्प आणि रात्री आडवं पडलं की लाथा सुरू. तेच बाळ आता बाहेर आलंय, सवय तीच. त्यामुळे वेळ ठरवायच्या मागे न लागता क्रम ठरवायचा, काय झाल्यावर काय. उठलं की दूध, दुधानंतर ढेकर, मग लंगोट बघायचा, मग थोडं बोलणं-खेळणं, मग झोप, आणि परत पहिल्यापासून. हे सात वाजता झालं का नऊ वाजता याने काही फरक पडत नाही. मी जळगाव जिल्ह्यातली, माझी दोन आणि जावेचं एक अशी बाळंतपणं एकाच घरात बघितली, तिन्ही पोरांचे स्वभाव तीन तऱ्हेचे, पण क्रम तिघांना चालला.

आधी दुधाचं बघू

बाळाचा अख्खा दिवस दुधाभोवती फिरतो, बाकीचं सगळं मधल्या फटीत बसवायचं. चोवीस तासात 8 ते 12 वेळा पाजणं होतं, म्हणजे साधारण दोन-तीन तासांनी, आणि हे अंतर पाजायला घेतल्यापासून मोजायचं, पाजून झाल्यापासून नाही, इथे बऱ्याच जणींचा घोळ होतो आणि मग वाटतं की हे तर सारखंच मागतंय. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसात बाळाचं वजन थोडं उतरतं, घाबरायचं नाही, 7 टक्क्यांपर्यंत उतरणं नेहमीचं आहे, 10 च्या आसपास गेलं तर डॉक्टरांना दाखवायचं. दहा ते चौदा दिवसात ते परत जन्माच्या वजनावर येतं. तोपर्यंत झोपलंय तर झोपू दे असं करायचं नाही, दिवसा तीन तास आणि रात्री फार तर चार तास झाले की उठवून पाजायचं. एकदा वजन भरायला लागलं, रोजचं साधारण 25-30 ग्रॅम वाढायला लागलं आणि डॉक्टर बरं म्हणाले की मग रात्रीचं उठवणं बंद.

उठवायचं म्हणजे हलवून हलवून नाही. दुपटं सोडायचं, लंगोट बदलायचा, तळपायावर अंगठा फिरवायचा, पाठीवरून मणक्याच्या बाजूने बोटं वर-खाली करायची, आणि उघड्या अंगाने आईच्या छातीशी धरायचं. डोळे मिटलेले असले तरी तोंड शोधायला लागतं. दोन मिनिटं पिऊन परत झोपलं तर कानाच्या पाळीला किंवा गालाला हलकेच बोट लावायचं नाहीतर बाजू बदलायची.

भूक लागलीय हे रडण्यावरून ओळखायची वाट बघू नका, रडणं ही शेवटची पायरी आहे. त्याआधी बाळ जीभ बाहेर काढतं, मान इकडेतिकडे वळवतं, मूठ तोंडात घालतं, चोखल्यासारखा आवाज करतं. तेव्हाच घेतलं तर नीट पितं, एकदा का लालबुंद होऊन रडायला लागलं की आधी शांत करण्यात दहा मिनिटं जातात आणि मग हवा गिळून पोट फुगतं. पाजताना नुसतं टोक तोंडात नको, तोंड मोठं उघडलं की खालचा काळा भाग जास्तीत जास्त आत जायला हवा, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला. पहिल्या काही सेकंदांनंतरही दुखत असेल तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवा आणि परत लावा. दात-ओठ खाऊन सहन करत बसलं की चिरा पडतात आणि मग पाजायची वेळ आली की अंगावर काटा येतो.

आता घरात सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य, दूध पुरत नही व्हई त्याले. बाळ रडलं की हे. एकदा रडलं की एकदा, दहादा रडलं की दहादा. याला उत्तर तोंडाने द्यायचं नाही, लंगोट दाखवायचा. सहाव्या दिवसापासून चोवीस तासात सहा किंवा जास्त वेळा लघवी होतेय, लघवी पाण्यासारखी फिकट आहे, शी काळ्याची पिवळी झालीय आणि वजन वाढतंय, म्हणजे दूध पुरतंय, विषय संपला. पहिले पंधरा दिवस एक साधी वही ठेवा, पाजलं की एक रेघ, शू झाली की एक टिंब, शी झाली की एक गोल, तारीख वर टाकायची. ॲप वगैरेची गरज नाही, रात्री तीनला डोळे मिटताना रेघ ओढणं सोपं जातं. वजनाची गाडी लागली की वही बंद करून टाका, नाहीतर ते हिशोबाचं वेडच लागतं.

सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणी नाही, मध नाही, साखरपाणी नाही, गाईचं-शेळीचं दूध नाही. मध तर वर्षभर नाही, त्यातून लहान बाळांना बोटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. आणि पाण्याचं म्हणाल तर आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हमखास कुणीतरी वाटी-चमचा घेऊन येतं, की एवढं ऊन, पोराचा घसा सुकत असेल. जळगाव-भुसावळच्या 45 डिग्रीतसुद्धा नाही. आईच्या दुधात जवळजवळ 88 टक्के पाणीच असतं, उन्हात बाळ जास्त वेळा, थोडं थोडं पितं, पिऊ द्या. तांब्याभर पाणी प्यायचं आहे ते आईने. गुटीचंही तेच, सहाणेवर जायफळ-वेखंड उगाळून दिल्यावर बाळ छान झोपतं असं म्हणतात, जायफळ जास्त झालं तर गुंगी येते, ती झोप कसली. डॉक्टरांनी लिहून दिलेले व्हिटॅमिन डी चे थेंब तेवढे चालू ठेवायचे, रोजचे 400 युनिट, आणि त्यांची वेळ अंघोळीनंतरची ठेवली तर विसरायला होत नाही. वरचं दूध देण्याची वेळच आली, कारण काहीही असो, तर ते डॉक्टरांना विचारून आणि डब्यावर लिहिलेल्या मापानेच करायचं, पातळ करून पुरवायचं नाही.

सकाळ

क्रमाला दोन खुंट्या लागतात, एक सकाळी आणि एक रात्री, मधलं कसंही हललं तरी चालतं. सकाळची खुंटी म्हणजे उजेड आणि अंघोळ. बाळ जागं असो की झोपेत, घर उठलं की त्या खोलीची खिडकी उघडायची, पडदा सारायचा, आवाज चालू द्यायचे, कुकरची शिट्टी, मिक्सर, दारावरचा भाजीवाला, काही बंद करायचं नाही. बाळंतिणीची खोली म्हणजे कोपऱ्यातली अंधारी खोली हे आपल्याकडे अजून चालतं, खिडकीला चादर लावून, आणि मग म्हणायचं की बाळाला दिवस-रात्र कळत नाही. कळणार कसं, त्याच्यासाठी रात्रच चालू आहे.

मालिश आणि अंघोळ रोज साधारण एकाच सुमाराला, दोन पाजण्यांच्या मधे. पाजल्यावर लगेच मालिश केली तर सगळं बाहेर येतं आणि फार भुकेलं असेल तर अंघोळभर किंचाळतं, म्हणून पाजून पाऊणएक तासाने घ्यायचं. मालिशवाल्या बाई येत असतील तर उत्तम, त्यांचे हात तयार असतात, पण त्यांना पहिल्या दिवशीच चार गोष्टी प्रेमाने सांगून टाका. नाका-कानात तेल घालायचं नाही. नाक ओढून सरळ करायचं नाही. बाळाची छाती पिळायची नाही, मुलगा असो की मुलगी, पहिल्या आठवड्यात छातीला गाठीसारखी सूज येते ती आईच्या हार्मोन्समुळे, आपोआप जाते, पिळली तर पू होतो. आणि पाय धरून उलटं करायचं नाही. टाळूवर तेल हलक्या हाताने चालतं, थापायचं नाही. तेल साधं खोबऱ्याचं बरं.

अंघोळ पाच-सात मिनिटांची. आपल्याकडे पाटावर बसून लांब केलेल्या पायांवर बाळाला घेतात ती पद्धत चांगलीच आहे, बाळ घट्ट राहतं, फक्त पाणी कोपर बुडवून बघायचं, हात कामाने कडक झालेले असतात, त्यांना गरम कळत नाही. पाणी तोंडावर ओतायचं नाही, ओल्या मऊ कापडाने तोंड पुसायचं. बेसन-हळद चोळणं, अंगावरची लव काढायला कणकेचा गोळा फिरवणं, हे सगळं नको, लव आपली आपण जाते आणि कातडी मात्र सोलवटते. पावडर नको, ती श्वासातून आत जाते. काजळ नको, दृष्टीचं फारच मनात असेल तर तीट तळपायाला लावा, देवालाही दिसतं तिथलं. नाळ पडेपर्यंत, म्हणजे साधारण पाच ते पंधरा दिवस, ती कोरडी ठेवायची, त्यावर तेल-हळद-राख काही लावायचं नाही, लंगोट नाळेच्या खाली बांधायचा. बाळ अडीच किलोच्या खालचं असेल किंवा दिवस भरायच्या आधी झालेलं असेल तर डॉक्टर सांगतील तोपर्यंत अंघोळ नाही, पुसून घ्यायचं आणि दिवसातून जमेल तेवढा वेळ आईच्या, नाहीतर बापाच्या उघड्या छातीशी धरायचं.

अंघोळीनंतर धुरी-शेगडीचा कार्यक्रम असतो. ओवा, वावडिंग, बाळंतशेप निखाऱ्यावर टाकून बाळाला त्यावरून फिरवतात. धुराने बाळाला खोकला होतो आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवली की कार्बन मोनॉक्साईड साठतो, त्याला वास नसतो, कळत नाही. आईच्या कमरेला शेक हवा असेल तर गरम पाण्याची पिशवी घ्या. थंडीत, आणि धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा सहा-सातावर येतो तेव्हा खरंच काकडायला होतं, टोपडं, मोजे, दोन थर कपडे आणि आईची ऊब पुरते.

अंघोळ झाली की दूध, आणि त्यानंतरची झोप ही दिवसातली सगळ्यात मोठी झोप असते, दोन-अडीच तासांची. आईने याच वेळात जेवायचं आणि झोपायचं, कपडे आवरायचे नाहीत, फोन बघायचा नाही. सांगून कुणी ऐकत नाही, तरी सांगते.

दुपार

दुपारी बाळ जागं असण्याचा वेळ फार थोडा असतो, पाऊण तास, फार तर एक तास, त्यातही पिण्यातच अर्धा जातो. चोवीस तासातले 14 ते 17 तास झोप असते एकूण, फक्त तुकड्या-तुकड्यांनी. जागं असताना चेहऱ्याजवळ जाऊन बोला, एक वीतभर अंतरावरचंच त्याला बऱ्यापैकी दिसतं. दोन-चार मिनिटं आईच्या छातीवर पालथं घाला, मान धरायला बरं पडतं. जांभई आली, नजर दुसरीकडे वळवली, हातपाय झटकायला लागलं की खेळ संपला, तिथेच झोपवायला घ्या. ती वेळ टळली की जास्त दमून उलट जास्त जागतं.

उन्हाळ्यातलं बाळंतपण असेल तर दुपारचा दिनक्रम म्हणजे खोली थंड ठेवणं, दुसरं काही नाही. जुन्या धाब्याच्या घरात असाल तर नशीबवान, पत्र्याच्या किंवा सिमेंटच्या वरच्या मजल्यावर असाल तर दोन महिन्यांसाठी बाळ-बाळंतिणीला खालच्या खोलीत हलवा. कूलर चालतो, झोत सरळ अंगावर नको, आणि खिडकी थोडी उघडी हवी नाहीतर दमटपणा साठून घामोळं येतं. एसी असेल तर 24 ते 26. कूलरचं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासायची, डेंग्यूचे डास त्यातच होतात. डासांना मच्छरदाणी लावा, कॉईल नको. एक सुती झबलं आणि लंगोट बास, चाळीसच्या वर उन्हात कुंची-मोजे घालून वर दुपट्यात घट्ट बांधलेलं बाळ बघितलं की मला घाम फुटतो. गरम होतंय का हे हात-पाय लावून कळत नाही, बाळाचे हातपाय थोडे गारच असतात, मानेच्या मागे आणि छातीला हात लावून बघा. लाईट जाण्याची वेळ तर ठरलेलीच असते, तेव्हा ओली चादर खिडकीला आणि हाताचा पंखा.

झोळीबद्दल विचारतातच. साडीची झोळी आपल्या घराघरात आहे, बाळ त्यात पटकन शांत होतं हे खरं. दिवसा कुणीतरी समोर बसलेलं असताना थोडा वेळ चालेल, पण झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाला अडचण होते, म्हणून झोप लागली की खाली सपाट, जरा कडक गादीवर उताणं ठेवायचं. उशी नको, मोहरीची पण नको, डोक्याचा आकार बदलायला मान या बाजूला-त्या बाजूला वळवत राहिलं तरी होतं. आजूबाजूला गोधड्यांचे ढीग, मऊ खेळणी काही नको. दुपट्यात बांधणार असाल तर हात बांधा, कमरेखाली सैल सोडा, पाय बेडकासारखे दुमडलेले हलले पाहिजेत, पाय सरळ ताणून बांधले की खुब्याला त्रास होतो.

संध्याकाळची रड

दिवेलागणीला बाळ रडतं. दोन-तीन आठवड्यांचं झालं की हे सुरू होतं, सहाव्या आठवड्याच्या सुमाराला सगळ्यात जास्त असतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. अख्खी गल्ली विचारते, काबरं रडी ऱ्हायना व तो? कुणी म्हणतं पोट दुखतंय, कुणी म्हणतं दृष्ट लागली, कुणी मीठ-मोहरी ओवाळायला घेतं. ओवाळू द्या, फक्त ते विस्तवावर बाळापासून लांब टाका. पण सहा ते नऊ हा वेळ दिनक्रमातच धरून ठेवा की या वेळात आई दुसरं काहीही करणार नाही, तिचं जेवण सहाच्या आत झालेलं पाहिजे, म्हणजे मग रड सुरू झाली तरी कुणाची चिडचिड होत नाही.

या वेळात बाळ तासातासाला, कधी अर्ध्या तासाला प्यायला मागतं, मागेल तेवढं द्यायचं, हे दूध कमी असल्याचं लक्षण नाही. मधेमधे दुसऱ्या माणसाने घ्यायचं. आडवं हातावर पालथं, पोट आपल्या हातावर, डोकं कोपराच्या खळग्यात, दुसऱ्या हाताने पाठीवर एकसारखी थाप, आणि चालत राहायचं, ओट्यापासून अंगणापर्यंत. याला लांब हाताचे बाबा आणि काका लोक चांगले उपयोगी पडतात. उन्हाळ्यात ऊन उतरल्यावर अंगणात नेलं तरी अर्ध रडणं थांबतं. दर पाजण्यानंतर ढेकर काढा, खांद्यावर उभं धरून पाच-दहा मिनिटं, ढेकर आलाच नाही तरी चालतं. फारच झालं, डोकं फिरायला लागलं, तर बाळाला सुरक्षित जागी उताणं ठेवून दोन मिनिटं खोलीबाहेर जा, पाणी प्या, पण रागाने बाळाला हलवायचं नाही, जोरात हलवल्याने मेंदूला इजा होते. आणि रडणं रोजच्यासारखं नाही, वेगळंच किंचाळतंय, कशानेच थांबत नाही, पीत नाही, हिरवी उलटी करतंय, तर त्याला संध्याकाळची रड समजून बसू नका, दाखवा.

रात्र

रात्रीची खुंटी म्हणजे कंटाळवाणेपणा. आठ-नऊच्या सुमाराला अंग कोमट पाण्याने पुसायचं, रात्रीचं झबलं, खोलीत झिरोचा बल्ब, एकच एक अंगाई किंवा हरिपाठ, आवाज रोज तोच, मग दूध. इथून सकाळपर्यंत जितक्या वेळा उठेल तितक्या वेळा पाजायचं पण बोलायचं नाही, हसायचं नाही, मोठी लाईट लावायची नाही. शी झाली असेल तरच लंगोट बदलायचा, नुसत्या लघवीला डायपर घातलेला असेल तर झोपेत छेडू नका. रात्रीचं सामान संध्याकाळीच उशाशी लावून ठेवा: लंगोट, पुसायला ओलं कापड, पाण्याची बाटली, दोन डिंकाचे लाडू, कारण पहाटे तीनला पाजताना आईला जी भूक लागते ती भयंकर असते.

बाळ आईच्याच खोलीत, हाताच्या अंतरावर, पण शक्यतो वेगळ्या गादीवर. पाजता पाजता आईला झोप लागतेच, म्हणून सोफ्यावर किंवा खुर्चीत पाजत बसण्यापेक्षा गादीवर बरं, आणि बाजूला कुणी जागं असेल तर पाजून झाल्यावर ते उचलून जागेवर ठेवेल. दारू-तंबाखू घेणारं माणूस बाळाच्या गादीवर झोपणार नाही, हे घरात कुणाचीही भीड न ठेवता सांगायचं.

उन्हाळ्यात अख्खं घर गच्चीवर झोपायला जातं आणि खाली बाळ-बाळंतीण एकट्या राहतात, हे मी कितीतरी घरात बघितलंय. वर गार वाऱ्यात सगळे घोरतायत आणि ही खाली कूलरपुढे एकटी. पाळी लावा, रोज एक जण खाली.

घरच्यांचा चार्ट

फ्रिजवर लावायचा तो चार्ट हा. लंगोट धुवून वाळवणं कुणाकडे, आईचं ताट कोण वाढणार, संध्याकाळी बाळ कोण घेणार, पहाटेचा ढेकर कोण काढणार. रेल्वेत किंवा फॅक्टरीत शिफ्ट ड्युटी असलेल्या बाबांनी नाईट असताना बाळाची सकाळची अंघोळ आपल्याकडे घ्यावी आणि जनरल असताना रात्रीचा पहिला टप्पा. बाळ पाजण्याशिवाय असं एकही काम नाही जे बाबाला जमत नाही. आजीला गुटी नको म्हटलं की ती रुसते, म्हणून तिला मालिश नाहीतर अंगाईचं खातं पूर्णपणे देऊन टाका, मग कुणी गुटीचं नाव काढत नाही.

आईच्या ताटात बाजरीची किंवा दादर ज्वारीची भाकरी, तूप, शेपू-मेथी, वरण, अळीवाची खीर सगळं छान, पण काही घरात बाळंतिणीला पाणी मोजून देतात, तसं नको, तहान लागेल तेवढं प्यायचं. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी बाळंतपणानंतर सहा महिने चालू असते, ती सकाळ-दुपार अशी वेगवेगळी घ्यायची, दोन्ही एकत्र नाही. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यात उगाच रडू येणं बऱ्याच जणींना होतं, पण दोन आठवडे उलटूनही मन उदासच राहिलं, बाळाकडे बघावंसं वाटेना, झोप मिळूनही झोप लागेना, तर ते नाटक नसतं, डॉक्टरकडे घेऊन जायचं.

पाहुण्यांची वेळ ठरवा, अकरा ते एक किंवा चार ते सहा, आणि दारातच साबण-पाणी दाखवा. सर्दी-खोकला असेल तर बाहेरूनच आशीर्वाद. बाळाच्या तोंडाचा मुका कुणीही घ्यायचा नाही. बारशाच्या दिवशी क्रम मोडणारच, दीडशे बायका, लाऊडस्पीकर, कुर्र कुर्र, तर त्या दिवशी फक्त दूध वेळेवर बघा, बाकी सोडून द्या, दुसऱ्या दिवशी सकाळच्या अंघोळीपासून परत धरा.

दवाखाना आणि आशाताई

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येते, वजन करते, ताप बघते. ती आली की घाईने चहा देऊन पाठवू नका, वही दाखवा, शंका विचारा. बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि कावीळ बीची लस जन्मल्यावर झाली आहे ना हे कार्डावर बघा, पुढची फेरी दीड महिन्याला, मग अडीच आणि साडेतीन महिन्यांना. लसीच्या दिवशी बाळ जास्त झोपेल किंवा जास्त चिकटून राहील, क्रम थोडा सैल सोडायचा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी थोडी कावीळ बऱ्याच बाळांना दिसते, पण पहिल्याच दिवशी पिवळं दिसलं किंवा पिवळेपणा तळहात-तळपायापर्यंत गेला तर कोवळ्या उन्हात धरत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना. तसंच अंग 38 डिग्री म्हणजे 100.4 फॅरनहाईट किंवा वर तापलं, किंवा उलट गार पडलं, दूध ओढेना, उठवून उठेना, श्वास मिनिटाला साठ किंवा जास्त, छाती आत खेचली जातेय, झटके, नाळेभोवती लाल होऊन पू, लघवी एकदम कमी, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. 108 ला फोन करा. दोन-तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर घरचं औषध कुठलंच नाही.

सव्वा महिन्यानंतर

दीड-दोन महिन्यांत बाळ तुमच्याकडे बघून हसायला लागतं आणि त्याच सुमाराला रात्रीची एक झोप जरा लांबते, चार तास, कधी पाच. आता थोडं घड्याळ आणता येतं, अंघोळीची वेळ पक्की, रात्रीचं आवरणं पक्कं. बाळ पूर्ण झोपायच्या आधी, डोळे जड झाले असताना, मांडीवरून गादीवर ठेवून बघा, रोज एकदाच, नाही जमलं तर नाही, घ्या परत. मधेच चार दिवस सगळं बिघडतं, सारखं पितं, सारखं उठतं, ते वाढीचे दिवस असतात, सहाव्या आठवड्याला हमखास, तेव्हा नियम बदलायचे नाहीत, थांबायचं.

आणि नेमकं सगळं बसलं की माहेरून सासरी जायची वेळ येते. जागा नवीन, वास नवीन, आवाज नवीन, बाळ दोन-तीन रात्री गोंधळतंच. जाताना त्याची रोजची गोधडी न धुता तशीच न्या, अंगाई तीच, रात्रीचा झिरोचा बल्ब तसाच, क्रम तोच. चोपड्याहून धुळ्याला जायचं असो की पाचोऱ्याहून नंदुरबारला, उन्हाळ्यात पहाटेच निघा, दर दोन तासांनी गाडी थांबवून पाजा. दारात भाकरतुकडा ओवाळायला सगळे ताट घेऊन उभे असतील, पण बाळ मूठ चोखत असेल तर आधी गाडीतच पाजून घ्या, ओवाळणी दहा मिनिटं थांबते.